आरपीसीतून मराठी नावं धड पोचवायची कशी: क्लायंट आणि सर्व्हरमधली स्ट्रिंगची अदलाबदल, पायरीपायरीनं

आपल्याकडं जिनिंगचा काटा असो, दूध संकलन असो नाहीतर कृषी सेवा केंद्र, आता सगळीकडं सेटअप सारखाच झाला. काउंटरवर एक जुना विंडोज पीसी, गावोगाव फिरणाऱ्या पोराच्या हातात अँड्रॉइड फोन, आणि सर्व्हर कुठंतरी दूर क्लाउडमधे. हे सगळे एकमेकांशी बोलतात ते आरपीसीनं, म्हणजे इथून फंक्शन बोलवायचं, ते चालतं तिकडच्या मशीनवर आणि उत्तर परत इकडं येतं. वजन बरोबर पोचतं, भाव बरोबर पोचतो, पण कास्तकाराचं नाव तिकडं गेल्यावर प्रश्नचिन्हं होऊन बसतं नाहीतर अर्धंच पोचतं, आणि मंग नाव जुळत नाही म्हणून चुकारा अडकतो. ज्याचा कापूस गाडीतून उतरून गंजीत गेला त्याला आपण "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे" असं सांगून परत पाठवणं बरोबर नाही, म्हणून हे नीट शिकून घ्या.

उदाहरणासाठी पूर्ण लेखात एकच शब्द वापरतो, "वऱ्हाड". छोटा आहे, आपला आहे, आणि स्ट्रिंगच्या जवळपास सगळ्या अडचणी त्यात सापडतात. हेक्स, म्हणजे १६ च्या पायाचे आकडेही देवनागरीतच लिहिलेत, १० ते १५ साठी ए ते एफ.

पायरी १: आधी पाहा की तारेवर काय जाऊन राहिलं

बहुतेक जण इथंच घाई करतात. स्क्रीनवर डबे दिसले की लगेच कोडमधे कन्व्हर्जन टाकतात, ते जमलं नाही की दुसरं टाकतात, आणि दोन कन्व्हर्जन एकावर एक चढून डेटा आणखी बिघडतो. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. विंडोजच्या काळ्या कन्सोलमधे देवनागरी बऱ्याचदा बरोबर असूनही तुटकी दिसते, कारण जुन्या कन्सोलला जोडाक्षरं मांडता येत नाहीत. पाहायचे ते बाइट.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारं मानक, तो नंबर म्हणजे कोड. आपल्या "वऱ्हाड" मधे असे ६ कोड आहेत: व, ऱ, हलन्त, ह, काना, ड. डोळ्याला अक्षरं तीनच दिसतात. यूटीएफ-८ ही हे कोड बाइटमधे लिहायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक कोडला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १८ बाइट, आणि ते असे दिसतात:

ई० ए४ बी५, ई० ए४ बी१, ई० ए५ ८डी, ई० ए४ बी९, ई० ए४ बीई, ई० ए४ ए१

देवनागरीचा पूर्ण तक्ता ई० ए४ नाहीतर ई० ए५ नं सुरू होतो. एवढी एक खूण लक्षात ठेवली तर हेक्स डंप पाहताना तुम्हाला लगेच कळते की इथं यूटीएफ-८ मराठी आहे का नाही.

तोच शब्द विंडोजच्या पोटात यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत असतो, प्रत्येक कोडला २ बाइट, एकूण १२: ३५ ०९, ३१ ०९, ४डी ०९, ३९ ०९, ३ई ०९, २१ ०९. आता हे नीट पाहा. ०९ म्हणजे टॅब, आणि ३५, ३१, ४डी हे सगळे साधे आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांचे बाइट. म्हणजे कोणी यूटीएफ-१६ चे बाइट तसेच यूटीएफ-८ च्या खात्यात ढकलले तर "यूटीएफ-८ बरोबर आहे का" ही तपासणी आरामात पास होते! सर्व्हरला दिसतं काय तर पाच, टॅब, एक, टॅब, इंग्रजी एम, टॅब, नऊ, टॅब असं काहीतरी. एरर नाही, इशारा नाही, कचरा सरळ डेटाबेसमधे. म्हणून नावाच्या फील्डमधे टॅब किंवा दुसरं कंट्रोल कॅरेक्टर आलं की तो कॉल तिथंच परत करायचा, ही तपासणी वेगळी लिहावीच लागते.

याच प्रकारची आणखी एक खूण आहे. "पऱ्हाटी बियाणं" पाठवलं आणि तिकडं पहिल्या शब्दाचाच कचरा पोचला, दुसरा शब्द पूर्ण गायब, तर समजा की वाइड स्ट्रिंगला, म्हणजे यूटीएफ-१६ वाल्या स्ट्रिंगला, कोणीतरी सी भाषेतल्या साध्या एक-बाइटवाल्या कॅरेक्टर पॉइंटरमधे कास्ट केलं. देवनागरी अक्षरांत शून्य बाइट येत नाही, पण मधली स्पेस यूटीएफ-१६ मधे २० ०० असते आणि सी भाषेतलं लांबी मोजणारं फंक्शन त्या ०० वर थांबतं. नावाच्या बाबतीत हे झालं की कास्तकाराचं पहिलं नाव कसंबसं जातं, बापाचं नाव आणि आडनाव इकडंच राहतं.

पायरी २: तुमचा आरपीसी स्ट्रिंग कशी बांधतो ते समजून घ्या

प्रत्येक आरपीसीचा नियम वेगळा. सगळे पाठ करायची गरज नाही, पण आपला कोणता हे माहीत पाहिजे.

जीआरपीसी आणि त्याचा मेसेज बांधायचा फॉर्मॅट प्रोटोबफ असेल तर सोपं आहे. स्ट्रिंग प्रकारचं फील्ड म्हणजे यूटीएफ-८, दुसरं काही चालत नाही. आधी फील्डचा टॅग, मंग लांबी, मंग बाइट. आपला शब्द फील्ड नंबर १ मधे असेल तर ०ए, १२ आणि पुढं ते १८ बाइट, कारण हेक्समधलं १२ म्हणजे आपले १८. लांबी बाइटमधे आहे, अक्षरांत नाही. चुकीचे बाइट दिले तर गो भाषेतला सर्व्हर किंवा क्लायंट सरळ एरर देतो की स्ट्रिंग फील्डमधे यूटीएफ-८ चुकीचं आहे, जावाही वाचताना अडवतो. ही एरर आली म्हणून वैतागू नका, तिनं तुमचा डेटाबेस वाचवला.

जुना सन आरपीसी असेल, म्हणजे एक्सडीआर, तर ४ बाइटची लांबी, मंग स्ट्रिंग, आणि एकूण ४ च्या पटीत यावं म्हणून मागं शून्य बाइट. १८ चे २० होतात, लांबी धरून २४. पण लांबीच्या जागी १८ च लिहायचं. एक्सडीआरच्या व्याख्येत स्ट्रिंग ही आस्की बाइटची मानली आहे, त्यामुळं मराठी पाठवायची असेल तर दोन्ही बाजूंनी "आपण यात यूटीएफ-८ टाकतो" हे आपसांत ठरवावं लागतं.

विंडोजचा आरपीसी निघाला डीसीई आरपीसी या जुन्या मानकावरून. त्यात प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला एक छोटं लेबल जातं की पाठवणाऱ्याकडं आकडे कोणत्या क्रमानं, अक्षरं आस्की का एबसिडिक (आयबीएमच्या मोठ्या मशीनवरची पद्धत), आणि घेणारा आपल्या सोयीनं बदलून घेतो. वाइड स्ट्रिंग जाते तेव्हा तीन मोजण्या पुढं जातात आणि शेवटचा शून्यही मोजला जातो, म्हणजे आपला ६ कोडचा शब्द तिथं ७ मोजला जातो. एक बाजू शून्य धरते, दुसरी धरत नाही, असं झालं की शेवटचं अक्षर तरी कापलं जातं नाहीतर नावाच्या मागं अदृश्य शून्य चिकटतो आणि "नाव सारखंच दिसतं पण जुळत नाही" ही तक्रार सुरू होते.

जेसॉन-आरपीसी असेल तर दोन यंत्रणांमधे जाणारा जेसॉन यूटीएफ-८ मधेच पाहिजे, २०१७ च्या मानकात तसं स्पष्ट लिहिलं आहे. पायथॉनचं जेसॉन लायब्ररी सांगितलं नाही तर प्रत्येक मराठी अक्षराचं यू आणि चार आकड्यांवालं एस्केप करते, म्हणजे ३ बाइटचे ६. चूक नाही ती, तिकडं बरोबरच उघडते, पण गावातल्या रेंजवर फुकटचा दुप्पट माल का न्यायचा, ती सेटिंग बंद करून टाका.

कोणी जावात स्वतःच सॉकेटवर आरपीसी लिहिला असेल आणि राइट-यूटीएफ वापरलं असेल तर सावध. ते खरं यूटीएफ-८ नाही, जावाचं बदललेलं रूप आहे. साधी मराठी त्यात बरोबर जाते म्हणून टेस्टिंगमधे कळत नाही, इमोजी आला की दुसऱ्या भाषेतला सर्व्हर अडखळतो. शिवाय लांबी २ बाइटमधे असल्यामुळं एका स्ट्रिंगला ६५,५३५ बाइटची मर्यादा आहे.

पायरी ३: तारेवर एकच फॉर्मॅट ठरवा, आणि बदल फक्त दारावर करा

माझं मत पक्कं आहे: तारेवर यूटीएफ-८, दुसरा पर्याय ठेवूच नका. क्लायंटनं पाठवायच्या अगदी आधी आपल्या फॉर्मॅटमधून यूटीएफ-८ मधे बदलावं, सर्व्हरनं घेतल्या घेतल्या तपासून आपल्या फॉर्मॅटमधे घ्यावं. मधल्या कोणत्याही थरात, म्हणजे प्रॉक्सी, क्यू, लॉगिंग, रिपोर्ट, कुठंच कन्व्हर्जन नको. दोन जागा सोडून तिसऱ्या जागी कन्व्हर्जनचा कोड दिसला की तो काढा.

विंडोज क्लायंट असेल तर वाइड-चार-टू-मल्टी-बाइट हे फंक्शन दोनदा बोलवायचं. पहिल्यांदा आउटपुटची लांबी शून्य देऊन, तेव्हा ते फक्त किती बाइट लागतील ते सांगतं. तेवढी मेमरी घ्यायची आणि मंग दुसऱ्यांदा खरं कन्व्हर्जन. कोड पेज यूटीएफ-८ चंच द्यायचं, सिस्टमचं डिफॉल्ट नाही, कारण आपल्याकडच्या बऱ्याच पीसीवर डिफॉल्ट १२५२, म्हणजे पश्चिम युरोपच्या भाषांचा तक्ता असतो आणि त्यात देवनागरीच नाही, सगळं प्रश्नचिन्हात जातं, आणि एकदा प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर परत आणता येत नाही. लांबीच्या जागी उणे एक दिलं तर ते शेवटचा शून्यही मोजतं, तो पाठवायच्या आधी कमी करा. उलट दिशेनं, मल्टी-बाइट-टू-वाइड-चार मधे चुकीचे बाइट आले तर नापास कर असा फ्लॅग असतो, तो लावा.

मेमरीचा हिशेब इथं चुकतो. देवनागरी यूटीएफ-१६ मधून यूटीएफ-८ मधे गेली की दीडपट होते, १२ बाइटचे १८. जिथं होती तिथंच बसवायला गेलात तर शेजारच्या डेटावर लिहिलं जाईल. उलट येताना ती लहान होते. डीसीई आरपीसीच्या आयडीएलमधे, म्हणजे फंक्शनांची व्याख्या लिहायच्या भाषेत, यासाठी साधा आणि चांगला विचार केलेला आहे: आधी साइज विचारायची, आणि उत्तर तीनपैकी एक, बदलायची गरजच नाही, जागच्या जागी बदलता येईल, किंवा नवीन बफर लागेल. तुम्ही कोणताही आरपीसी वापरा, स्वतःच्या कन्व्हर्जन फंक्शनला हेच तीन प्रश्न विचारा.

जावा क्लायंटमधे गेट-बाइट्स रिकामं बोलवू नका, नेहमी यूटीएफ-८ सांगा. जावा १८ पासून डिफॉल्ट यूटीएफ-८ झालं, अँड्रॉइडवर आधीपासून तेच आहे, पण काउंटरवरच्या पीसीवर कोणतं जावा पडलेलं आहे याचा भरवसा नाही. पायथॉनवाल्यांनी विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

जीआरपीसीत एक जागा लपलेली आहे, मेटाडेटा, म्हणजे कॉलसोबत जाणारी जास्तीची माहिती. काही जण ऑपरेटरचं नाव नाहीतर केंद्राचं नाव मराठीत मेटाडेटात टाकतात. तिथं फक्त आस्की चालतं. मराठी पाठवायचीच असेल तर की च्या नावाच्या शेवटी डॅश-बिन लावा, मंग ती बायनरी मानली जाते आणि लायब्ररी बेस-६४ करून, म्हणजे साध्या आस्की अक्षरांत बदलून नेते. माझा सल्ला, मेटाडेटात आयडी पाठवा आणि नाव मेसेजच्या आत ठेवा.

पायरी ४: सारखं दिसणारं सारखं करा

एन्कोडिंग बरोबर झालं तरी काम संपत नाही, आणि मराठीत तर खरी डोकेदुखी इथंच आहे.

"वऱ्हाड", "पऱ्हाटी", "शेतकऱ्यांचे" यातला आडवा रफार दोन प्रकारे टाइप होतो. एक, ०९३१ म्हणजे ऱ आणि त्यापुढं हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि २००डी नावाचं अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही एकसारखे, युनिकोडमधे दोन्ही चालतात, पण पहिल्या प्रकारानं "वऱ्हाड" १८ बाइट आणि दुसऱ्यानं २१. फोनच्या कीबोर्डनं एक टाकला, काउंटरच्या कीबोर्डनं दुसरा, की सर्व्हरवर एकाच माणसाची दोन खाती तयार. एनएफसी नावाचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करणं, लावलं की मिटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही मिटत. एनएफसी र आणि खालचा नुक्ता जोडून ऱ करतं, पण जोडचिन्हवाल्या प्रकाराला हात लावत नाही. तसंच "ॲ" चं. २००८ मधे युनिकोड ५.१ मधे त्याला ०९७२ हा स्वतंत्र कोड मिळाला, त्याच्या आधी अ वर चंद्र ठेवून काम चालायचं, आणि एनएफसी हे दोन्ही एक मानत नाही.

म्हणून स्वतःचा छोटा नियम लिहावा लागतो, या क्रमानं. आधी र, हलन्त, २००डी हा तुकडा दिसला की त्याजागी ऱ, हलन्त. मंग अ आणि चंद्र दिसले की ०९७२. मंग एनएफसी. मंग सुरुवातीचा एफईएफएफ, म्हणजे बीओएम नावाची अदृश्य खूण, आणि २००बी वाली अदृश्य स्पेस काढा, न तुटणाऱ्या स्पेसची साधी स्पेस करा, दोन स्पेस असतील तर एक.

क्रम बदलू नका. काही लायब्ररी आणि काही डेव्हलपर सगळी अदृश्य चिन्हं सुरुवातीलाच उडवतात. तसं केलं तर जोडचिन्हवाल्या "शेतकऱ्यांचे" मधला आडवा रफार जाऊन डोक्यावरचा रफार होतो, आणि मंग तो परत ओळखायला मार्गच उरत नाही, कारण "दर्यापूर" मधे डोक्यावरचाच रफार बरोबर आहे. र आणि हलन्त दिसलं की सरसकट ऱ करा असाही नियम चालणार नाही, दर्यापूर, वर्धा, आर्णी, सगळी गावं बिघडतील.

एक गोष्ट मात्र कन्व्हर्टरनं कधीच करू नये: शुद्धलेखन. पाटील आणि पाटिल हा एन्कोडिंगचा फरक नाही, कागदावरचा फरक आहे, आणि सातबाऱ्यावर जे आहे तेच राहिलं पाहिजे. म्हणून मी दोन कॉलम ठेवायला सांगतो. एकात माणसानं टाइप केलं तसं नाव, दुसऱ्यात वरचे नियम लावलेली शोधायची की. जुळवाजुळव दुसऱ्यावर, छपाई पहिल्यावरून. सही किंवा हॅश, म्हणजे बाइटवरून काढलेला ठसा, काढायचा असेल तर तो कोणत्या कॉलमच्या बाइटवर काढायचा हे आधी लिहून ठेवा, नाहीतर क्लायंटचा हॅश आणि सर्व्हरचा हॅश कधीच जुळणार नाही.

मराठी ल आणि श चा आकार हिंदीपेक्षा वेगळा दिसतो, ते फॉन्टचं काम आहे, कोड एकच. त्यासाठी काही बदलायला जाऊ नका.

पायरी ५: आकडे स्ट्रिंगमधे नेऊच नका

फोनची भाषा मराठी असली की अँड्रॉइडवर स्ट्रिंग फॉर्मॅटनं काढलेला आकडा देवनागरीत येतो, १२.५० असा. तो स्ट्रिंग म्हणून सर्व्हरला गेला की भाषेनुसार निकाल वेगळा. पायथॉन तो बरोबर वाचतो. जावाचं पार्स-इंट पूर्ण आकडा वाचतं पण पार्स-डबल देवनागरी दशांश नाकारतं. गो नाकारतो, जावास्क्रिप्टमधे तर नंबरच नाही असं उत्तर येतं. टेस्टिंग करणाऱ्याच्या फोनची भाषा इंग्रजी असते म्हणून हे ऑफिसमधे कधी दिसत नाही, गावात दिसतं.

वजन ग्रॅममधे पूर्णांक, रक्कम पैशांत पूर्णांक, तारीख टाइमस्टॅम्प म्हणून पाठवा. देवनागरी आकडा फक्त स्क्रीनवर आणि पावतीवर. कुठं स्ट्रिंग बनवणं टाळताच येत नसेल तर फॉर्मॅट करताना लोकेल रूट, म्हणजे कोणत्याच भाषेची नसलेली सेटिंग द्या.

पायरी ६: लांबी कोण कशात मोजतो

"वऱ्हाड" ची लांबी गो मधे १८, पायथॉनमधे ६, जावास्क्रिप्टमधे ६, माणसाच्या डोळ्याला ३. फॉर्मवर "नाव ४० अक्षरांपर्यंत" लिहिलं, क्लायंटनं कोड मोजले, सर्व्हरनं बाइट मोजले, तर १३ देवनागरी कोडच्या पुढचं प्रत्येक नाव सर्व्हरवर अडकते नाहीतर कापलं जाते. अडकलेलं परवडलं, कापलेलं नाही, कारण बाइटवर कापलं तर शेवटचं अक्षर मधूनच तुटतं आणि तिथं काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. मर्यादा बाइटमधेच ठरवा, दोन्ही बाजूंना तीच ठेवा, आणि जास्त झालं तर कापू नका, परत पाठवा.

स्ट्रीमिंगमधे मोठा डेटा तुकड्यांनी येतो तेव्हाही हेच. तुकडा कुठंही तुटू शकतो, ई० ए४ या तुकड्यात आणि बी५ पुढच्या. प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड करू नका, बाइट साठवा आणि पूर्ण झाल्यावर डीकोड करा.

एसएमएस पाठवत असाल तर तोही याच रांगेत येतो. मराठी एसएमएस यूसीएस-२ मधे, म्हणजे कोडला २ बाइटवाल्या पद्धतीत जातो आणि एका मेसेजमधे ७० कोडच बसतात, इंग्रजीचे १६०. मोठा असेल तर प्रत्येक तुकड्यात ६७. चुकाऱ्याचा मेसेज ७० मधे बसवला तर खर्च निम्मा.

पायरी ७: डेटाबेसचं दार विसरू नका

आरपीसीतून नाव बरोबर आलं आणि डेटाबेसमधे बिघडलं, तरी दोष आरपीसीवरच येतो. मायएसक्यूएलमधे टेबल आणि कनेक्शन दोन्ही यूटीएफ-८-एमबी-४ पाहिजेत. नुसतं टेबल करून भागत नाही, कनेक्शन लॅटिन-१, म्हणजे युरोपी अक्षरांच्या जुन्या एन्कोडिंगवर राहिलं तर प्रत्येक बाइट परत एकदा एन्कोड होतो. एसक्यूएल सर्व्हरमधे कॉलम एन-व्हारचार आणि क्वेरीत लिहिलेल्या स्ट्रिंगच्या आधी इंग्रजी एन, नाहीतर सरळ प्रश्नचिन्हं.

आता दोनदा एन्कोड झालेला जुना डेटा. ओळखायचा कसा? मराठीच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्यामागं चलनाचं गोल चिन्ह, ही जोडी परत परत दिसते, कारण ई० आणि ए४ हे कोड पेज १२५२ मधे तसेच दिसतात. उलटं फिरवून दुरुस्त होते, यूटीएफ-८ उघडायचं, १२५२ नं बाइट करायचे, परत यूटीएफ-८ उघडायचं. पण इथं एक खड्डा आहे. १२५२ मधे पाच बाइटना अक्षरच नाही: ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. आणि मराठीत हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी आहे, ऱ्हस्व उकाराचा ८१, ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे कडक कन्व्हर्टर नेमका जोडाक्षरांवर आणि उकारावर पडतो.

विदर्भाच्या ११ जिल्ह्यांची नावं घेऊन करून पाहा. अकोला, अमरावती, यवतमाळ, वाशिम, नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, ही आठ जातात आणि परत येतात. बुलडाणा, वर्धा, चंद्रपूर अडकतात, एकात ऱ्हस्व उकार आहे आणि दोघांत हलन्त. अकोल्याच्या डेटावर स्क्रिप्ट चालवून "झालं" म्हणणाऱ्याला वर्ध्याला गेल्यावर कळते. त्या पाच बाइटसाठी लॅटिन-१ प्रमाणे तोच आकडा ठेवणारा नियम घातला की अकराही सुटतात. अजून दोन अक्षरं सांभाळा: भ चा शेवटचा बाइट एडी, जो १२५२ मधे अदृश्य हायफन आहे, आणि ठ चा ए०, जो न तुटणारी स्पेस आहे. मधे कोणी ट्रिम किंवा कॉपी-पेस्ट केलं असेल तर ही दोन अक्षरं कायमची गेलेली असतात, तिथं कागद पाहून हातानंच भरावं लागते.

ही अकरा नावं, सोबत "पऱ्हाटी" दोन्ही प्रकारे, "दर्यापूर", "ॲग्रो", एक इमोजी आणि एक रिकामी स्ट्रिंग, एवढी यादी टेस्टमधे कायम ठेवा. क्लायंटकडून सर्व्हरला, सर्व्हरकडून डेटाबेसला आणि परत क्लायंटला, बाइट जुळले पाहिजेत.

पायरी ८: जुना क्लायंट बदलताच येत नसेल तर

हे आपल्याकडं नेहमीचं आहे. काट्याचं सॉफ्टवेअर लिहिणारा सापडत नाही, पीसी बदलायला पैसे नाहीत, आणि नावं कृतिदेव नाहीतर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधे. तिथं लक्षात घ्या की हा एन्कोडिंगचा प्रश्नच नाही. साठवलेली आहेत इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांना मराठी दाखवतो. कोणताही कॅरेक्टर-सेट कन्व्हर्टर इथं उपयोगी नाही, फॉन्टचा पूर्ण तक्ता लागतो आणि शिवाय क्रमही बदलावा लागतो. कृतिदेवमधे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, इंग्रजी एफ नं, आणि युनिकोडमधे ती व्यंजनाच्या नंतर पाहिजे. रफार उलटा, तिथं अक्षरानंतर, युनिकोडमधे आधी. वेलांटी जोडाक्षरावर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते. हे काम क्लायंटवर ठेवू नका, सर्व्हरवर एकाच जागी ठेवा, म्हणजे तक्ता सुधारला की सगळ्या केंद्रांना मिळतो.

अशा क्लायंटसाठी मेसेजमधे स्ट्रिंगऐवजी बाइट्स प्रकारचं फील्ड घ्या आणि शेजारी एन्कोडिंग सांगणारं दुसरं फील्ड, ठरलेल्या यादीतून निवडायचं, मोकळा मजकूर नको. डीसीईमधे असेच तीन टॅग होते, पाठवणाऱ्याचा, उत्तर कशात पाहिजे त्याचा, आणि उत्तर खरोखर कशात दिलं त्याचा. पहिले दोन घेतले तरी आपलं भागते. टॅग रिकामा आला तर अंदाज लावू नका, कॉल परत करा. अंदाजानं लावलेलं एन्कोडिंग बरोबर निघालं तर कोणी पाहत नाही आणि चुकलं तर दुसऱ्याच्या नावावर पैसे जाऊ शकतात.

प्रोटोबफमधे एक सोय आहे. स्ट्रिंग आणि बाइट्स तारेवर सारखेच जातात, म्हणून जुने क्लायंट स्ट्रिंग म्हणून काहीही पाठवत असतील तर सर्व्हरच्या फाइलमधे त्याच नंबरचं फील्ड बाइट्स करून टाका. वाचताना कॉल पडणार नाही, बाइट हातात येतील, मंग तुम्ही तपासा. उत्तरात मात्र बरोबर यूटीएफ-८ च द्या. त्या जोडीला नवीन नंबरचं स्वच्छ स्ट्रिंग फील्ड द्या, नवीन क्लायंट फक्त तेच भरतील.

हे सुरू करायचं तर हंगामात नको. कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास यायला लागतो आणि काट्यावर गाड्यांची रांग असताना नावाचा फॉर्मॅट बदलणं म्हणजे कास्तकाराला रात्रभर बैलगाडीजवळ बसवणं. उन्हाळ्यात करा, एका केंद्रापासून. नाकारलेल्या प्रत्येक कॉलचा केंद्र आयडी, फील्डचं नाव, लांबी आणि पहिले काही बाइट हेक्समधे लॉग करा, पूर्ण नाव आणि आधार नंबर लॉगमधे जाऊ देऊ नका. कोणत्या केंद्रावरून जुना टॅग येऊन राहिला हे रोज पाहा, आणि एक पूर्ण हंगाम कुठूनच आला नाही की मंगच जुन्या फील्डचा नंबर राखीव करून बंद करा, तो नंबर परत दुसऱ्या कामाला वापरायचा नाही.